मुराळी म्हणून धुळ्याला, सायकलने

धुळ्याहून परत येऊन बरेच दिवस झाले तरी मी ब्लॉगवर काहीच टाकलं नाही, म्हणून माझे नेहमीचे वाचक काळजीत पडले आहेत. नेहमीचे म्हणजे अगदी मोजके. त्यातले एक गृहस्थ दर पोस्टखाली ‘हेल्मेट घाला’ एवढंच लिहितात. या वेळी त्यांनी ‘हेल्मेट घातलं होतं ना?’ असं विचारलंय. घातलं होतं हो. डोक्याला काही झालेलं नाही. बाकी काय झालं ते सांगते.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: मी जळगावला विम्याच्या ऑफिसात नोकरी करते, लग्न केलेलं नाही, आईजवळ राहते. डॉक्टरांनी ‘शुगर काठावर आहे’ म्हणून भीती घातली, तेव्हा स्कूटर झाकून ठेवली आणि सायकलने ऑफिसला जायला लागले. त्याचेच बरेवाईट अनुभव इथे लिहिते. ऑफिसचा वॉचमन सायकल आत लावू देत नाही, कारण ती साहेबांच्या गाड्यांशेजारी ‘बरी दिसत नाही’. पण सगळ्यात जास्त बोचते ती माझ्या धाकट्या भावाला, राजूला. त्याचं मोटारसायकलींचं शोरूम आहे. “अक्का, मी सगळ्या गावाला गाड्या विकतो आणि माझी सख्खी बहीण पायडल मारत फिरते. लोक विचारतात, धंदा बसला का म्हणून,” असं तो आईसमोर मला ऐकवत असतो.

आता आखाजी. म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्या खानदेशात तिला कोणी एवढं लांबलचक नाव घेऊन बोलावत नाही. दिवाळीपेक्षा मोठा असा हा सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी खाऊन दुपारभर लोळतात. आणि लेकीला आणायला माहेरचं माणूस सासरी जातं, त्याला म्हणतात मुराळी. मुराळी आला की सासरचे त्याला पाटावर बसवतात, कपाळाला टिळा लावून टॉवेल-टोपी देतात, आणि मग सून त्याच्याबरोबर पाठवतात. मुराळी आलाच नाही, तर सून सासरीच बसते.

माझी सगळ्यात धाकटी बहीण मनीषा धुळ्याला देवपुरात दिली आहे. दोन वर्षं ती आखाजीला आलेली नाही. एका वर्षी तिच्या सासूचं ऑपरेशन होतं, ते समजू शकते. दुसऱ्या वर्षी राजूला वेळ झाला नाही. आखाजीचा मुहूर्त म्हणजे शोरूममधून नव्या गाड्या हार घालून बाहेर काढायचा दिवस, तेव्हा तो कसा हलणार? यंदाही त्याने हात वर केले. मनीषा फोनवर तक्रार करत नाही, तो तिचा स्वभावच नाही. पण यंदा म्हणाली, “अक्का, मला नुसतं झोपायचंय गं. आईजवळ. दोन दिवस कोणी उठवू नका.” आमच्या मनीषाला एवढं बोलायला किती सोसावं लागलं असेल ते मला कळलं.

मी सरळ तिच्या सासूला फोन लावला. म्हटलं, “मुराळी म्हणून मी येते.” त्या म्हणाल्या, “या की, या. जेवायलाच या.” याला मी होकार समजले. खानदेशात जन्म काढून मला एवढं कळू नये, की आपल्याकडे ‘जेवायला या’ म्हणजे फक्त जेवायला या!

सायकलने का गेले? एक तर मला जायचंच होतं. ऑफिस-घर, घर-ऑफिस करून पायांना जरा माज आला होता. दुसरं, परत येताना सोपं होतं. सायकल एसटीच्या टपावर टाकायची आणि दोघी बहिणींनी खिडकीत बसून कैऱ्या खात यायचं.

जळगाव ते पारोळा

उजाडायच्या आत निघाले. बांभोरीचा पूल ओलांडला तेव्हा गिरणेत पाण्यापेक्षा वाळू जास्त आणि वाळूपेक्षा खड्डे जास्त होते. पाळधीपर्यंत हवा बरी होती. डावी-उजवीकडे केळीच्या बागा, त्यांच्या कडेने वाऱ्याला अडवायला लावलेल्या हिरव्या जाळ्या, आणि मध्येच कपाशी काढून मोकळी पडलेली काळी रानं. पुढे ऊन चढलं आणि रस्त्यावर सावली नावाची गोष्ट उरली नाही. चौपदरी करताना जुनी लिंबाची झाडं तोडली, नवी दुभाजकात लावली. दुभाजकातल्या कण्हेरीखाली कोण बसणार, ते तोडणाऱ्यांनाच माहीत.

पण त्या दिवशी रस्ता मला फार आवडला, हेही खरं. कारण सगळा रस्ता मुराळ्यांचा होता. मोटारसायकलवर पुढे भाऊ, मागे बहीण, मध्ये चिमटलेलं पोर, बहिणीच्या मांडीवर फुगलेली बॅग. कुणी बाप आणायला गेलेला, कुणी चुलता. बायांचे चेहरे पदराने झाकलेले, तरी त्या हसताहेत हे दिसायचं. मी प्रत्येकीला हात केला. बऱ्याचजणींनी उलटून हात केला. मला वाटलं, मीही यांच्यातलीच.

एरंडोलला रसवंतीवर थांबले. रस काढणारी बाई माझी सायकल न्याहाळत म्हणाली, “एकलीच? कथी चालनी वं माय?”

म्हटलं, “धुळे. बहीणले लेवाले.”

“अन् लई कशावर येशी? दांडीवर?” बहिणीला घेऊन कशावर येणार, म्हणून ती एवढी हसली की चरकात घातलेला ऊस तसाच राहिला. मग तिने दुसरा ग्लास फुकट दिला आणि म्हणाली, “जाय, जाय. लई ये तिले. मन्हा भाऊ ते येवानं नावच लेस नही.” तिला गेल्या कित्येक आखाज्या माहेर घडलं नव्हतं. ते तिने हसत-हसतच सांगितलं.

एरंडोलच्या पुढे बाभळीचा काटा लागला. पंक्चरवाल्यांची दुकानं रांगेने आहेत, पण ती ट्रकची आणि मोटारसायकलची. एकाने सायकलकडे बघून स्वच्छ सांगितलं, “सायकलनं पंक्चर मन्हा बाप काढे. मी नही काढत.” विनवण्या केल्यावर काढलं, पण असं काढलं की पुढे दर दोन गावांना थांबून मलाच हवा भरावी लागली. ‘सायकल चालवा, पर्यावरण वाचवा’ असं आमच्या चौकात भिंतीवर रंगवलंय. रंगवणाऱ्याने एकदा एरंडोलच्या पुढे पंक्चर करून बघावं.

पारोळ्याला पोचले तेव्हा पाय माझे नव्हते. पहिल्या लॉजवाल्याने एकट्या बाईला खोली नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्याने ऑफिसचं ओळखपत्र उलटसुलट बघून काउंटरसमोरची खोली दिली, “म्हणजे माझं लक्ष राहील.” त्याचं लक्ष सगळा वेळ पत्त्यांत होतं. आखाजीच्या दिवसांत आमच्याकडे पुरुषांना पत्ते माफ असतात. बायांना झोका, बुवांना पत्ते, अशी वाटणी आहे. तिथेच चार बाप्ये डाव मांडून बसले होते. मी शेवभाजी मागवली, ती एवढी जहाल होती की डोळ्यांतून पाणी आलं, तरी मन लावून खाल्ली. पोट भरल्यावर मनीषाला फोन केला. “बॅग भरून ठेव,” म्हटलं. ती म्हणाली, “केव्हाची भरलीय.”

धुळे

दुसऱ्या दिवशी फागण्याच्या अलीकडेच ऊन डोक्यावर आलं. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात वळले आणि मनीषाच्या कॉलनीच्या तोंडाशी येऊन बघते तर माणसं उभी. हातात गुच्छ. मध्ये मनीषाचे सासरे, नाना.

नाना शाळेतून पीटीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेत आणि आता कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत. सत्कार करणं हा त्यांचा व्यायाम आहे. कोणी दहावी पास झालं, कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी नाना शाल घेऊन हजर. ते ओरडले, “वं माय! जयगावथून सायकलवर! बठ्ठा हायवे!” आणि टाळ्या झाल्या. मला घरात पाऊलही टाकू न देता कॉलनीच्या हॉलमध्ये नेलं.

तिथे खुर्च्या मांडलेल्या. मला शाल, श्रीफळ, गुलाबाचा गुच्छ. घामाने निथळत असताना लोकरीची शाल अंगावर घेऊन बसणं ही काय चीज आहे, ते ज्याचा सत्कार झालाय त्यालाच कळेल. नाना बोलले, आणि चांगलं बोलले. चूल आणि मूल यांतून बाहेर पडून आजची स्त्री महामार्गावर आली आहे, तिला कोणाच्या आधाराची गरज नाही, आमच्या सुनेची बहीण म्हणून आम्हाला अभिमान आहे. ज्या सुनेचं नाव घेतलं ती हॉलमध्ये नव्हती. मी शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, “तुमच्याचसाठी मांडे करतेय ना. एवढ्या लोकांचा स्वयंपाक आहे आज.”

मग मला बोलायला सांगितलं. मी म्हटलं, “मी सायकलपटू वगैरे नाही. मी माझ्या बहिणीची मुराळी म्हणून आलेय.” सगळ्यात जास्त टाळ्या याच वाक्याला पडल्या. नानांनी तर उभं राहून वाजवल्या. मला वाटलं, काम झालं.

घरी मागच्या अंगणात मनीषा चुलीपुढे होती. चुलीवर खापर पालथं घातलेलं, ती दोन्ही हातांवर पोळी खेळवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि खापरावर अंथरायची. तोंड लाल झालेलं, केस कपाळाला चिकटलेले. मला बघून हातातली पोळी तिने आधी नीट टाकली आणि मगच हसली. “शाल छान आहे,” म्हणाली. ती बारीक झाली होती. मी शाल काढून ठेवली आणि तिच्याजवळ बसायला गेले, तर सासूबाईंनी मला ओढून पंख्याखाली नेलं. “तुम्ही दमल्या शेत. बसा.” मनीषा रोज एकटी रिक्षाने जाऊन बालवाडीत पोरं सांभाळते, घरी येऊन हे सगळं करते. ती दमली आहे का, हे कोणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

जेवण मात्र नाव ठेवायला जागा नाही असं. आमरस, मांडे, कटाची रशी, कुरडया. नाना आग्रह करून-करून वाढत होते. हात धुतल्यावर मी म्हटलं, “मग नाना, दुपारच्या गाडीने निघतो आम्ही.”

“आम्ही म्हणजे?”

“मी आणि मनीषा.”

नाना हसले. मग मी हसत नाही असं बघून थांबले. “अक्का, तुम्ही उन्यात, भू आनंद व्हयना. पण मुराळी कोठे शे?”

“मी काय आहे मग? आत्ताच हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या तुम्ही.”

“ते भाषण व्हतं.” नाना अगदी समजुतीने बोलत होते, शाळेत पोराला कवायत समजवावी तसे. “मुराळी गडीमाणूस ऱ्हास. मी टिळा कोणले लावू? बाईना डोकावर टोपी कोण घालस?”

“घाला माझ्या. मी काढणार नाही.”

आत कोणीतरी फिसकन हसलं. सासूबाई म्हणाल्या की कॉलनीत लोक काय म्हणतील, सुनेला न्यायला माहेरी बाप्या उरला नाही का. आजवर घरातून सून अशी गेलेली नाही. जावईबापू, म्हणजे मनीषाचा नवरा, मोबाईलमध्ये बघत बसले होते. मी त्यांना थेट विचारलं, “तुमचं काय म्हणणं?” ते म्हणाले, “नाना म्हणतील तसं. माझी काही हरकत नाही.” हरकत नसलेली माणसं घराघरात अशीच बसलेली असतात, आणि त्यांच्यामुळे कोणाचं काही अडतही नाही आणि सुटतही नाही.

“तुमना भाऊले धाडा,” नाना म्हणाले, “आज धाडा, आज पाठवतो. माले काय सून कोंडी ठेवनी शे का?”

मी चिडले. जे-जे तोंडात आलं ते बोलले. आधाराची गरज नसलेल्या स्त्रीचं भाषण त्यांना त्यांच्याच आवाजात ऐकवलं. नानांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मनीषा पदराला हात पुसत दारात आली आणि हळूच म्हणाली, “अक्का, वाद घालू नको. मला जायचंय.” एवढंच. मी भांडत होते ते माझ्यासाठी, आणि तिला फक्त जायचं होतं. मी राजूला फोन लावला.

राजू म्हणाला, “मी कसा येऊ? उद्या डिलिव्हऱ्या आहेत. थांब, गाडी पाठवतो. ड्रायव्हर येईल.”

मी नानांना सांगितलं की भाऊ येत नाही, नुसती गाडी आणि ड्रायव्हर येतोय. मला वाटलं, आता तरी यांची पंचाईत होईल. नानांनी विचार केला आणि म्हणाले, “डायवर गडीमाणूस शे ना? मग झालं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. ड्रायव्हर राजूने सीझनपुरता ठेवलेला, चाळीसगावकडचा. मी त्याला पहिल्यांदा बघत होते, मनीषाही पहिल्यांदाच बघत होती. तो बिचारा दारात चप्पल काढून पाणी मागत होता, तर त्याला धरून पाटावर बसवलं. तो घाबरला. “नाना, मी ते डायवर शे. गाडी भाऊनी शे.”

“ऱ्हाऊ दे. बस.”

नानांनी त्याला टिळा लावला. खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर पांढरी टोपी घातली, ती त्याला मोठी होऊन कानांवर उतरली. सासूबाईंनी ओवाळलं. नाना त्याला म्हणाले, “आमनी सून तुन्हा हवाली. सांभाळी नेजो.” आणि माझ्याकडे वळून, अगदी मनापासून, “आता कसं, रीतीनं झालं.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हेही मी सांगितलं पाहिजे. नाना वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

मनीषा सगळ्यांच्या पाया पडून मागच्या सीटवर बसली. माझी सायकल डिकीत मावेना. “सायकल राहू दे, तू बस,” मनीषा म्हणाली. मी नाही बसले. माझ्या जागेवर टोपी घालून बसलेल्या माणसाच्या शेजारी बसून जळगावला जाणं मला जमलं नसतं. तिने एकदा माझा हात दाबला, आणि गाडी गेली तेव्हा तिने मागे वळून बघितलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. जिला सुटायचंय तिने मागे बघूच नये.

परत

सायकल एसटीच्या टपावर बांधून मी मागच्या सीटवर गचके खात आले. येताना वाटेतले मुराळी मला दिसले असतील, मी बघितले नाहीत. पारोळ्याच्या पुढे राजूचा फोन आला. “पोचली मनीषा. बघ, एवढं सोपं होतं. तू उगाच दोन दिवस उन्हात तडफडलीस.”

मनीषा घरी खरंच झोपली. आईने तिला कोणाला उठवू दिलं नाही. समोरच्या लिंबाला झोका बांधला होता, त्यावर ती एकदाच बसली, तेही संध्याकाळी, पाय जमिनीला टेकवून. आम्ही कैऱ्या खाल्ल्या. एकदा मी तो विषय काढला, तर ती म्हणाली, “तू आलीस म्हणून तर गाडी आली अक्का. नाहीतर तीही आली नसती.” याचं मला समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

चौथ्या दिवशी नानांचा फोन आला. मीच उचलला. त्यांच्या बोलण्यात त्या दिवशीच्या भांडणाचं काहीच नव्हतं. त्यांनी माझा ब्लॉग कॉलनीच्या ग्रुपवर टाकल्याचं सांगितलं, पायांना मोहरीचं तेल लावा म्हणाले, आणि मग म्हणाले, “मनीषाले उद्या धाडी द्या. सोमवारपासून तिनी बालवाडी शे.”

मी म्हटलं, “न्यायला कोण येतंय?”

“कोणी येवानी गरज नही. सकाळनी येष्टीमा बसाडी द्या. ती काय लहान शे का?”

सकाळी तिची बॅग मी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि दोघी चालत स्टँडवर गेलो. धुळ्याची गाडी उभीच होती, गर्दी नव्हती. तिला खिडकीची जागा मिळाली. मी खालून बॅग वर दिली, ती तिने मांडीवर घेतली. कंडक्टर आला, त्याने विचारलं, “किती जण?” आणि मनीषा म्हणाली, “एकटीच.”